रॉदरहॅमच्या प्रयोगाआधी

विटा, रविवार

चि. शुभा,
अनेक आशीर्वाद.

तुमचा नाचाचा प्रयोग पुढच्या महिन्यात इंग्लंडात रॉदरहॅमला आहे, हे बाळूकडून कळलं. मला तू 'उत्तरेकडे एका गावात' एवढंच म्हणालीस. ते गाव मला माहीत आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये तिथे आसरा मागायला आलेल्यांना ठेवलेलं हॉटेल जमावाने घेरलं, काचा फोडल्या, आग लावायला गेले. माणसं आत होती.

त्याच्या आधी साउथपोर्ट. नाचाच्या वर्गातल्या तीन पोरी गेल्या. मारणारा होडीतून आलेला परदेशी, अशी थाप उठली. तो कार्डिफला जन्मलेला, हे पोलिसांनी सांगून झालं, तरी मशिदीवर दगड पडायचे ते पडलेच. 'नाचाचा वर्ग' एवढं ऐकून तुझ्या आईने टीव्ही बंद केला होता.

म्हणून एकच सांगतो. प्रयोग झाल्यावर रात्री एकटी चालत जाऊ नकोस. संपलं. आता दुसरं बोलतो.

सरावाचा व्हिडिओ पाहिला. आधी वाटलं, ना गाणं ना ताल, नुसती रांग काय बघायची? मग एकेकाची झडती सुरू झाली. हात वर, वळा, पुन्हा हात वर. तेच तेच करता करता त्याचा नाच कधी झाला, कळलंच नाही. बाकीचे ढकलतायत आणि तू भरतनाट्यमच्या अरैमंडीत, गुडघे वाकवून, पाठ ताठ, जागची हलत नाहीस. रामनाथपुरमच्या टीचर पाठ वाकली की ओरडायच्या, तीच अरैमंडी! आईला म्हटलं, फी वसूल झाली.

ती झडती मला नवी नव्हती. कोइमतूरला राजा स्ट्रीटवर कुठे चोरी झाली की पोलीस आधी आपल्या भट्टीवर. सोनं आटवणारा परप्रांतातला, म्हणजे चोरीचा माल त्याच्याकडेच. मुशी, तराजू, तेजाबाच्या बाटल्या, सगळं बाहेर काढायचे. एकदा तू दप्तर घेऊन दारात उभी होतीस. हवालदाराला तमिळमध्ये काहीतरी बोललीस आणि अख्खी गल्ली हसली. काय बोललीस, ते अजून मला सांगितलेलं नाहीस.

इकडे तरी काय वेगळं आहे? आबांनी वरची खोली मागावरच्या बिहारी पोरांना नाकारली. ज्या घरातले चारही भाऊ गलाईसाठी, सोनं आटवायला, चार राज्यांत गेले, ते घर हे. मी बोललो, तर दिवाळीला जेवायला आले नाहीत. न येवोत.

प्रयोगानंतर तुम्ही प्रेक्षकांशी बोलत बसता म्हणे. कुणी 'तुमच्या देशात परत जा' म्हणालं, तर त्याला आत्याच्या अपशिंग्याचं सांग. पहिल्या महायुद्धात एकट्या त्या गावचे ४६ जण कामी आले, इंग्रजांनीच तिथे त्यांचा स्तंभ उभारला. तुझ्या त्या नाचणाऱ्या अक्रम खानने अशाच हिंदी शिपायावर २०१८ ला 'झेनोस' केलं ना? त्याचे आईवडील बांगलादेशचे, तो लंडनचाच. तर त्या माणसाला शांतपणे, न चिडता, पण नजर न झुकवता...

नको. काही सांगू नकोस. गाडीत बस आणि नीघ.

बघ, पुन्हा सुरू झालो. माफ कर. तू मागे म्हणालीस, 'पप्पा, भीती वाटते म्हणूनच हा प्रयोग तिथे करायचा.' बोलायला बरं वाटतं गं. मलाही दुकानात आलेल्या चौघांना सांगताना छाती फुगते की माझी पोरगी तिकडे त्यांच्यासमोर उभं राहून हे दाखवते. रात्री मात्र तिकडचं घड्याळ मोजत पडतो.

तुझ्या ग्रुपमधली ती सुदानची मुलगी कुठे राहते? तिच्याबरोबर परत येता येईल का? तिलाही तिच्या घरचे हेच विचारत असतील.

रॉदरहॅमला मुक्काम कुठे आणि सोबत कोण, ते बाळूला कळव. मला नको कळवूस, मी तिथल्या मॅनेजरला फोन करत बसेन.

तुझे पप्पा