फाइलला कसली आली वेटिंग लिस्ट?

संपादक महोदय, स.न.वि.वि.

लायब्ररीच्या ॲपवर ई-बुक मागितलं की बरेचदा रांगेत नंबर लागतो, मग लोक वैतागून लायब्ररीलाच नावं ठेवतात, अरे फाइलच आहे ना, हजार जणांना एकदम द्यायला काय जातं तुमचं? राग बरोबरच आहे, फक्त चुकीच्या माणसावर निघतोय.

कागदी पुस्तक एकदा विकत घेतलं की ते लायब्ररीचं झालं. शिवण उसवेपर्यंत कितीही जणांना द्या, बाइंडिंग करून पुन्हा द्या, दुसऱ्या लायब्ररीला पाठवा, कोणाला विचारायला नको. अमेरिकेत तर सुप्रीम कोर्टाने 1908 सालीच सांगून टाकलंय की पुस्तक विकल्यावर ते पुढे कितीला विकायचं हे प्रकाशकाने ठरवायचं नाही. ई-बुक मात्र लायब्ररी बहुतेक वेळा विकत घेतच नाही, लायसन्स घेते, म्हणजे सरळ सांगायचं तर भाड्याने आणते. एका लायसन्सवर एका वेळी एकच वाचक, त्यात मोठ्या प्रकाशकांची बरीच लायसन्स दोन वर्षांत संपतात, की परत पैसे भरा नाहीतर पुस्तक कॅटलॉगमधून गायब. आणि किंमत आपण देतो त्याच्या कितीतरी पट.

हार्परकॉलिन्स या बड्या प्रकाशकाने 2011 मध्ये नियम काढला की एक ई-बुक 26 वेळा दिलं की लायसन्स संपलं, कारण काय तर कागदी पुस्तकही साधारण तेवढ्यात झिजतं म्हणे! ज्याने लायब्ररीत एक दुपार तरी काढलीये तो यावर हसेल. मॅकमिलन या दुसऱ्या प्रकाशकाने नोव्हेंबर 2019 मध्ये त्याच्याही पुढे जाऊन नवीन पुस्तकाची पहिले आठ आठवडे अख्ख्या लायब्ररी सिस्टिमला एकच ई-कॉपी द्यायचं ठरवलं, कितीही मोठं शहर असो. बऱ्याच लायब्ऱ्यांनी बहिष्कार टाकला आणि मार्च 2020 मध्ये ते मागे घ्यावं लागलं. म्हणजे ओरडलं की ऐकतात.

गंमत बघा, आपल्या लायब्ररीत नसलेलं छापील पुस्तक वर्ल्डकॅटसारख्या सामायिक कॅटलॉगमध्ये शोधून दुसऱ्या लायब्ररीतून मागवता येतं, पण क्षणात कुठेही पोचू शकणारं ई-बुक लायसन्सच्या अटींमुळे सहसा शेजारच्या लायब्ररीलाही देता येत नाही. सिनेमाचंही तेच, डीव्हीडी एकदा घेतली की ती लायब्ररीची झाली, पण कॅनोपीसारख्या स्ट्रीमिंगमध्ये वाचकाला फुकट दिसणाऱ्या सिनेमाचे पैसे लायब्ररी बघण्यागणिक भरत होती, न्यूयॉर्कच्या तिन्ही मोठ्या लायब्ऱ्यांनी 2019 मध्ये खर्च झेपेना म्हणून ते बंद केलं. म्हणून जुन्या डीव्हीडी काढून टाकायची घाई करणाऱ्यांनी जरा थांबावं असं मला वाटतं.

लेखकाला पैसे मिळायलाच हवेत, त्यात वाद नाही. पण त्यालाही दुसरा रस्ता आहे. डेन्मार्कने 1946 पासून लायब्ररीतल्या पुस्तकांसाठी लेखकांना सरकारी पैसे द्यायला सुरुवात केली, ब्रिटनने 1979 मध्ये कायदा केला आणि नंतर ई-बुकही त्यात घेतलं. तसं करा आणि लायब्ररीला ई-बुक कायमचं विकत घ्यायचा हक्क द्या, एका कॉपीवर एकच वाचक राहू दे हवं तर, निदान दर दोन वर्षांनी तेच पुस्तक परत घ्यायला नको.

तोवर आपण एवढं करू शकतो की वाचून झालं (किंवा दहा पानांत कंटाळा आला, होतं तसंही) की मुदत संपायची वाट न बघता रिटर्न करायचं, कारण मुदतीच्या लायसन्सवर न वाचता पडलेला प्रत्येक दिवस फुकट जातो, रांगेतल्या पुढच्या माणसाचाही आणि लायब्ररीच्या पैशाचाही. आत्ता वाचायला वेळ नसेल तर बऱ्याच ॲपमध्ये होल्ड, म्हणजे रांगेतली आपली मागणी, पुढे ढकलता येतो, नंबर जात नाही. आणि लायब्ऱ्यांना एक विनंती, प्रत्येक ई-बुकखाली त्याचं लायसन्स कधी संपतंय आणि त्याला किती पैसे मोजले ते स्पष्ट लिहा, मग बघू लोक कोणावर चिडतात.

आपला,
एक वाचक