270 पार्क अव्हेन्यू आणि गाळलेले नाव

संपादक महोदय,

न्यूयॉर्कमध्ये 270 पार्क अव्हेन्यूवर उभ्या राहिलेल्या जेपी मॉर्गन चेस बँकेच्या नव्या मुख्यालयावरील लेख आपल्या पुरवणीत वाचला. त्याच जागेवरच्या जुन्या युनियन कार्बाइड इमारतीला त्यात दोन ओळी मिळाल्या आणि रचनेचे सगळे श्रेय गॉर्डन बन्शाफ्ट यांना. स्किडमोर, ओविंग्ज अँड मेरिल या वास्तुरचना कंपनीचे भागीदार या नात्याने बन्शाफ्ट प्रमुख होतेच. पण ज्येष्ठ रचनाकार म्हणून काम केले ते नॅटली द ब्लुआ यांनी. त्यांचे नाव वगळून या इमारतीचा इतिहास सांगू नये, एवढ्यासाठीच हे पत्र.

हा 52 मजली, 707 फुटी मनोरा 1960 मध्ये पूर्ण झाला. जमिनीखाली ग्रँड सेंट्रल स्थानकाचे रूळ, तेही दोन पातळ्यांवर! खांब रुळांच्या मधून उतरवायचे आणि लिफ्टच्या खड्ड्यांना तर जागाच नाही. म्हणून लिफ्ट सुरू केल्या त्या तळमजल्याच्या वरच्या मजल्यापासून, आणि रस्त्यावरून तिथवर सरकते जिने नेले. काळपट स्टेनलेस स्टीलच्या उभ्या पट्ट्यांचे सौंदर्य छायाचित्रात दिसते, पण खरी हुशारी मला या जिन्यांत दिसते. युनियन कार्बाइड म्हटले की आपल्याला भोपाळ आठवते आणि ते आठवलेच पाहिजे. 1984 च्या आधीच मात्र कंपनी हा मनोरा सोडून कनेक्टिकटला गेली होती.

द ब्लुआ 1944 मध्ये कोलंबिया विद्यापीठातून पदवी घेऊन बाहेर पडल्या आणि त्याच वर्षी स्किडमोर, ओविंग्ज अँड मेरिलमध्ये रुजू झाल्या. चार मुलगे वाढवत त्यांनी तिथे सुमारे तीन दशके काढली. असोसिएट पार्टनर झाल्या, पूर्ण भागीदार कधीच नाही. संस्थापक ओविंग्ज यांनीच 1973 च्या आत्मचरित्रात मान्य केले आहे, की कंपनीतल्या पुरुषांच्या नावावर जमा झालेल्या कितीतरी उत्तम कामांत या बाईंचा वाटा मिळालेल्या श्रेयाहून खूप मोठा होता.

मी स्वतः वास्तुविशारद. उमेदीच्या काळात रात्र-रात्र बसून काढलेल्या ड्रॉइंगच्या कोपऱ्यात माझी फक्त आद्याक्षरे असायची आणि सादरीकरणाला दुसरेच कोणी जायचे. म्हणून ही वगळणूक मला किरकोळ वाटत नाही.

2019 ते 2021 या काळात हा मनोरा पाडला गेला. मालकाने स्वेच्छेने पाडलेली तेव्हाची जगातली सर्वांत उंच इमारत, आणि तीही काही वर्षांपूर्वीच मोठा खर्च करून पर्यावरणपूरक म्हणून नूतनीकरण केलेली. वारसा दर्जा नव्हता, त्यामुळे अडवणार कोण? मला हे अक्षम्य वाटते.

याच रस्त्यावर 500 क्रमांकाची जुनी पेप्सी-कोला इमारत अजून उभी आहे. तीही 1960 ची, तिच्याही ज्येष्ठ रचनाकार द ब्लुआच, आणि 1995 पासून तिला वारसा संरक्षण आहे. आपल्या पुरवणीत तिच्यावर कधी लेख आलाच, तर त्यांचे नाव पहिल्या परिच्छेदात छापावे, ही विनंती.

– एक निवृत्त वास्तुविशारद