स्पंज हा प्राणी आहे, शेवाळ नव्हे

मा. संपादक,
स. न.

कालच्या रविवार पुरवणीतला प्राण्यांच्या उत्क्रांतीवरचा लेख वाचला. असे विषय मराठी दैनिकात येतात याचा आनंदच आहे. पण मथळ्यात तुम्ही जेलीफिशला माणसाचा पूर्वज करून टाकलंत आणि खालच्या चौकटीत स्पंजला ‘पाण्यातली वनस्पती’ म्हटलंत. यातली दुसरी चूक वाचून रात्रभर झोप लागली नाही.

माझे वडील पांझरा नदीवरच्या फडाचे पाटकरी होते, म्हणजे बंधाऱ्याचं पाणी पाटाने शेतांना सोडणारे. मी सातवीत होतो. उन्हाळ्यात पाणी ओसरल्यावर बंधाऱ्याखालचा एक दगड उलटवला, तर त्याच्या पोटाला हिरवट, मळकट थर. शेवाळ बुळबुळीत लागतं. हे खरखरीत होतं आणि जरा वेळाने बोटं चुणचुणायला लागली. वडिलांनी हात लावून पाहिला. “हाई शेवाय नही शे, बोटले टोचस,” एवढंच म्हणाले. तो दगड ओल्या गोणपाटात गुंडाळून मी विज्ञान प्रदर्शनात नेला. परीक्षकांनी लांबूनच पाहिलं, “शेवाळ काय आणलंस?” म्हणाले आणि वास येतो म्हणून शिपायाला सांगून दगड बाहेर फेकायला लावला. वास येणारच, पाण्याबाहेर स्पंज मरतो आणि कुजतो. चौथी शिकलेल्या माझ्या वडिलांनी हात लावून जे ओळखलं, ते परीक्षकांना खाली वाकून पाहावंसंही वाटलं नाही.

बी.एस्सी.ला असताना तसाच थर पुन्हा नेला. सरांनी चिमूटभर घेऊन नायट्रिक आम्लात उकळला. मांसल भाग विरघळला आणि सूक्ष्मदर्शकाखाली उरल्या त्या काचेसारख्या सुया. त्यांना कंटिका म्हणतात, त्या सिलिकाच्या असतात. बोटाला टोचत होत्या त्या याच. थरात खसखशीएवढे पिवळट दाणेही होते. नदी आटली की स्पंज मरतो, दाणे दगडाला चिकटून उन्हाळा काढतात, पाणी आलं की त्यातूनच नवा स्पंज उगवतो. गोड्या पाण्यातल्या स्पंजाची जात ठरवताना या दाण्यांच्या कवचातल्या कंटिकांचा आकार फार महत्त्वाचा. नुसत्या रंगावर जाऊन चालत नाही, कारण हिरवा रंग स्पंजाचा नसतोच, त्याच्या अंगात राहणाऱ्या शैवालाचा असतो. परीक्षक तिथेच फसले, आणि तुमचे लेखकही.

सजीवांचं वर्गीकरण करणाऱ्या लिनियसनेही आधी स्पंज वनस्पतींतच घातला होता, पुढे त्यानेच तो प्राण्यांत आणला. स्कॉटिश प्राणिशास्त्रज्ञ रॉबर्ट ग्रँटने जिवंत स्पंज पाण्यात ठेवून पाहिला, तर बारीक छिद्रांतून पाणी आत जातं आणि मोठ्या भोकातून बाहेर पडतं. ही १८२० च्या दशकातली गोष्ट. मुंबईच्या तळ्यांतल्या स्पंजांचं वर्णन हेन्री कार्टरने १८४९ मध्ये छापलं. आज दहावीच्या पुस्तकात रंध्रीय प्राणीसंघ आहे. निदान तेवढं तरी उघडून पाहायचं होतं.

आता मथळा. २०२३ मध्ये गुणसूत्रांवरच्या जनुकांच्या मांडणीवरून जो निष्कर्ष निघाला, तो टिनोफोरांबद्दल होता. टिनोफोरा म्हणजे जेलीफिश नव्हेत. जेलीफिश दंशपेशींनी डंख मारतो. टिनोफोरा कंगव्यासारख्या केसांच्या रांगा हलवत पोहतात. उत्क्रांतीच्या झाडावरची त्यांची फांदी बाकी सगळ्या प्राण्यांच्या आधी वेगळी झाली, असं त्या अभ्यासाचं म्हणणं. तो मान स्पंजाचा, असं मानणारे शास्त्रज्ञ आजही आहेत. पण फांदी आधी फुटली म्हणून ती आपली पूर्वज कशी होईल? चुलत घराणं पाच पिढ्यांपूर्वी वाटणी घेऊन निघालं, म्हणून त्या घरातला आजचा पोरगा माझा पणजोबा होत नाही.

दुरुस्ती छापावी, आणि मथळा ज्या पानावर होता त्याच पानावर छापावी. मुलं कात्रणं काढून वहीत चिकटवतात, मी ती तीस वर्षं तपासली आहेत.

आणखी एक. पांझरेच्या खोलीकरणाची बातमी तुम्ही मोठ्या कौतुकाने फोटोसह दिली होती. त्या फोटोत जेसीबीच्या मागे जो ढीग दिसतो, तो आमच्या बंधाऱ्याखालच्या दगडांचा आहे. परवा जाऊन आलो. पाणी आहे, तळाला गाळ आहे, पण उलटवून पाहायला एक दगड उरलेला नाही.

आपला,
एक निवृत्त विज्ञान शिक्षक,
ता. साक्री, जि. धुळे