पाच जणांचा फुटबॉल

बँकॉक,
30 एप्रिल 2024

तीर्थरूप आई-बाबांना,
शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

मागच्या फोनवर फुटसालचा विषय निघाला तेव्हा बाबा म्हणाले होते, “एका बाजूला पाचच गडी, तेही छपराखाली; हा तर पोरखेळ झाला.” पेठेच्या संघाकडून वर्षानुवर्षे शाहू स्टेडियमवर लेफ्ट बॅक खेळलेल्या माणसाने तसे म्हणणे स्वाभाविक आहे, पण आशियाई फुटसाल चषकातला एक सामना प्रत्यक्ष पाहून आल्यावर मला ते पटेनासे झाले, म्हणून सविस्तर लिहिते.

सोंगक्रान, म्हणजे इथले नववर्ष, संपते न संपते तोच 17 तारखेला 16 देशांची ही स्पर्धा सुरू झाली. मी नोंगचोकच्या ‘बँकॉक अरेना’त गेले होते. हे स्टेडियम 2012 च्या फुटसाल विश्वचषकासाठी बांधायला घेतले, पण ते वेळेत पूर्ण न झाल्याने त्या स्पर्धेचा एकही सामना तिथे झाला नाही. बाबा, रखडलेली बांधकामे पाहण्यात तुमची हयात गेली, तेव्हा तुम्हाला याचे नवल वाटणार नाही.

मैदान जेमतेम 40 मीटर लांब आणि 20 मीटर रुंद असते. चेंडू नेहमीच्या फुटबॉलपेक्षा लहान आणि मुद्दाम कमी उसळणारा असतो, त्यामुळे उंच टोलवून सुटका करून घेण्याची सोयच नाही. बाबा, तुमचे ते बचावातून थेट पुढे भिरकावणे इथे निरुपयोगी ठरले असते. चेंडू तळव्याखाली दाबून धरायचा, अंगावर आलेल्याला हुलकावणी द्यायची आणि जागा सापडताच पास द्यायचा, एवढे सगळे दोन पावलांच्या जागेत करावे लागते. बाजूच्या रेषेबाहेर गेलेला चेंडू हाताने न फेकता पायाने आत मारतात, तोही चार सेकंदांत. वीस-वीस मिनिटांचे दोन डाव असले, तरी खेळ थांबला की घड्याळही थांबते. दुखापतीचे सोंग करून वेळ काढण्याची, कोल्हापुरात आपल्या चांगल्याच परिचयाची असलेली कला इथे फुकट जाते. एका डावात संघाचे पाच फाऊल झाले, की सहाव्यापासून प्रतिस्पर्ध्याला समोर बचावपटूंची भिंत नसताना दहा मीटरवरून थेट गोलवर फटका मारता येतो. त्यामुळे पाचव्या फाऊलनंतर बचाव करणाऱ्यांचे पाय एकाएकी सोवळ्यात असल्यासारखे वागू लागतात.

मला सर्वांत भावली ती शेवटची चार मिनिटे. एका गोलने मागे पडलेल्या संघाने गोलरक्षक बाहेर काढून, त्याच्या रंगाचा शर्ट घातलेला पाचवा आक्रमक मैदानात उतरवला आणि स्वतःचा गोल उघडा टाकला. एक पास चुकला, तर समोरच्याने अर्ध्या मैदानातूनही चेंडू आत ढकलावा, असा तो जुगार होता. त्या वेळी माझ्या हातातला चहा तसाच निवून गेला.

परवाचा अंतिम सामना खाणावळीतल्या टीव्हीवर पाहिला. इराणने थायलंडला 4-1 असे हरवून तेरावे विजेतेपद मिळवले आणि वाढणाऱ्या मावशी गप्पच झाल्या. गतविजेता जपान तर गटातच गारद झाला होता. मला मात्र अफगाणिस्तानचे कौतुक अधिक वाटते, कारण या चषकात पहिल्यांदाच उतरून त्यांनी विश्वचषकाचीही जागा मिळवली. आपला भारताचा संघ गेल्या वर्षी प्रथमच पात्रता फेरी खेळला, पण इथवर पोहोचला नाही.

आई, सामना संपायला रात्र झाली तरी मी मैत्रिणींबरोबरच परतले, तेव्हा काळजी करू नकोस.

विश्वचषक सप्टेंबरमध्ये उझबेकिस्तानात आहे. तिथले घड्याळ आपल्यापेक्षा अर्धाच तास मागे असल्याने बाबांना सामने पाहायला फारसे जागावे लागणार नाही. एक सामना पाहून मला कळवा. मग पोरखेळाचा निकाल लावू.

तुमची लाडकी लेक