मुखपृष्ठाच्या पहिल्या रफबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : मुलांच्या अद्भुतकथेच्या मुखपृष्ठाचे प्राथमिक रफ परत पाठवत असल्याबाबत.

महोदय,

पहिल्या टप्प्यात तीन थंबनेल (मांडणी ठरवण्यासाठीची छोटी कच्ची चित्रे) द्यायची, पेन्सिलीत किंवा करड्या छटांत, प्रत्येकाची मांडणी वेगळी, असे करारात स्पष्ट आहे. आपल्याकडून आले एकच चित्र, तेही पूर्ण रंगवलेले. ड्रॅगनचा खवला न् खवला काढला आहे, कंदिलाच्या काचेवर चमकही आहे. चित्रकाराचा हात उत्तम आहे, त्याबद्दल वाद नाही. पण शीर्षक कुठे बसणार हेच ठरलेले नसताना खवले कशाला?

वरचा तिसरा हिस्सा फांद्या आणि चंद्राने भरून गेला आहे. देवनागरी शीर्षकाला शिरोरेषेच्या वर वेलांटी-मात्रांसाठी आणि खाली उकारांसाठी मोकळी जागा लागते. इथे अक्षरे फांद्यांत अडकतात. मागे पांढरी पट्टी टाकावी, तर चंद्र झाकला जातो.

दुसरा मुद्दा मापाचा. पुस्तक १४० बाय २१६ मिमी, पाने १९२, त्यामुळे कणा (पुस्तकाची पाठ) साधारण १० मिमी. चारही बाजूंना ३ मिमी ब्लीड (छपाईनंतर कापली जाणारी जादा कड) धरून सलग कव्हर २९६ बाय २२२ मिमी होते. हे टेम्प्लेट आपल्याला दिले होते. आलेली फाइल मात्र १०८० बाय १३५० पिक्सेल, म्हणजे ४:५, आणि फक्त पुढच्या बाजूची. रफचे रिझोल्यूशन कमी असले तरी चालते, तक्रार प्रमाणाची आहे. हे चित्र २२२ मिमी उंचीला बसवले की रुंदी जवळजवळ १७८ होते. पुढच्या बाजूला ब्लीडसह लागतात १४३. उरलेले ३५ मिमी उजवीकडून कापले तर ड्रॅगनचे नाक जाते, डावीकडून कापले तर मुलगी अर्धी होते. मलपृष्ठाचा तर विचारच नाही.

चित्र एकदा करड्या छटांत बदलून पाहावे. मुलीचा लाल झगा आणि मागची हिरवी झाडी एकाच मध्यम छटेत मिसळून जातात. रंगांमुळे हे लपले होते. ऑनलाइन दुकानात कव्हर नखाएवढे दिसते, तिथे या चित्रात चंद्र तेवढा कळतो. जादूच्या उजेडाचा झगझगीत निळा-हिरवाही पडद्यापुरताच आहे, सीएमवायकेत, म्हणजे छपाईच्या चार शाईंत, तो मंद होणार.

आणि मुलगी नऊ वर्षांची आहे. तिची उंची साडेसात डोकी, म्हणजे तिच्या डोक्याच्या साडेसात पट, काढली आहे, ती प्रौढ बाईची झाली. या वयाला सहाच्या आसपास हवी, नाहीतर आठ-दहा वर्षांच्या वाचकाला हे पुस्तक मोठ्यांचे वाटेल.

यातले काहीही थंबनेलमध्ये खोडरबराने सुटले असते. आता मुलगी चार सेंटिमीटर सरकवायची तरी तिच्यामागचे रान नव्याने रंगवावे लागेल. असे असताना आपण हे चित्र ‘पहिली दुरुस्ती फेरी’ म्हणून मोजले आणि पुढच्या बदलांना जादा शुल्क लावले, हे आम्हाला अजिबात मान्य नाही. जे मागितलेच नव्हते, त्याची दुरुस्ती कसली?

तरी ही फेरी हिशेबातून वगळावी. आमच्या टेम्प्लेटवर तीन थंबनेल पाठवावीत, उंची सहा-सात सेंटिमीटर पुरे. गडद, मध्यम, उजळ या तीनच छटा वापराव्यात, रंग नकोत. शीर्षकाची जागा ठोकळ्याने दाखवावी, मलपृष्ठाच्या खालच्या कोपऱ्यात बारकोडसाठी ३८ बाय २६ मिमीचा चौकोन रिकामा ठेवावा. एका थंबनेलमध्ये तरी ड्रॅगन कण्यावरून मलपृष्ठावर गेलेला पाहायला आवडेल. निवड झाल्यावर मोठे पेन्सिल रफ, मग रंगांचे रफ, त्यानंतरच अंतिम चित्र. चित्रकार तेच असावेत.

थंबनेल मंजूर होईपर्यंत दुसरा हप्ता रोखून ठेवला आहे. शुल्क मागे घेतल्याचे लेखी कळवावे.

आपले,
निर्मिती विभाग

सोबत : टेम्प्लेट, करड्या छटांतील प्रत, खुणा केलेली प्रत