फळीवरची बाटली

हेनेराल पिको, ला पाम्पा (आर्जेन्टिना)
१८ जानेवारी

चि. ताईस अनेक आशीर्वाद.

संक्रांतीला तुझा फोन आला तेव्हा मी घोड्यावर होतो, म्हणून उचलला नाही. हसू नकोस. घोडा आपल्या आबांइतकाच म्हातारा आणि आबांइतकाच हट्टी होता. मी लगाम कसाही ओढला तरी तो त्याला जायचं तिकडेच जात होता. त्याला सगळे 'तोर्दिशो' म्हणतात, म्हणजे करड्या. आपल्याकडे ढवळ्या-पवळ्या असतात तसंच.

आईने बॅगेत कोंबलेले शेवटचे चार लाडू मी इथे उतरलोय त्या घरात वाटले. तीळ हे लोक पावावर लावतात, पण तिळाची गुळाशी सोयरीक होते हे त्यांना नवीन होतं. 'गोड बोला'चं भाषांतर मात्र मला जमलं नाही.

इथे कसा आलो ते सांगतो. पाराना नदीकाठच्या बंदरात माझं तेलाचे नमुने घेण्याचं काम चालू आहे. आपण आयात करतो त्या सोयाबीन तेलातलं बरंचसं रोसारियोच्या आजूबाजूच्या याच धक्क्यांवरून निघतं. जहाज चार दिवस उशिरा येणार असं कळलं, तेव्हा सोबत काम करणारा म्हणाला, चल माझ्या सासुरवाडीला. गाडीने अख्खा दिवस गेला.

पाम्पा, म्हणजे इथलं सपाट माळरान, तिथे नुसतं गवत असतं का, असं तू विचारलं होतंस. अगं, अर्धी वाट मला गवत दिसलंच नाही. सोयाबीन, मका, पुन्हा सोयाबीन. आपल्या वावरात उभं राहिलं की चारी बाजूंचा धुरा दिसतो. इथे धुरा नावाची गोष्टच नाही, नजर थकते तिथे वावर संपलं असं समजायचं. १९९६ साली जनुक बदललेल्या सोयाबीनला इथे परवानगी मिळाली आणि त्यानंतर गुरांची कुरणं भराभर नांगराखाली, खरं म्हणजे फवारणीखाली गेली. बरेच जण नांगरतच नाहीत. तणनाशक मारतात आणि थेट पेरतात.

वाटेत वेनादो तुएर्तो नावाचं शहर लागलं. त्याचा अर्थ 'एका डोळ्याचं हरीण'. पाम्पाचं म्हणून एक स्वतःचं हरीण आहे, तांबूस, आपल्या चितळापेक्षा लहान. एकोणिसाव्या शतकात त्याची कातडी लाखोंनी परदेशी गेली, मग कुंपणं आली, मग शेती. आता ते चार-दोन ठिकाणी उरलंय. त्याच्यासाठी २००९ साली समुद्राकडच्या बाजूला 'काम्पोस देल तुयू' हे राष्ट्रीय उद्यान केलं. या शहरात हरीण फक्त पाटीवर आहे.

आणि पुढे गंमत बघ. एका जागी उंच तारेच्या कुंपणाआड तीन काळवीट दिसले. आपले! कारंजा-सोहोळच्या अभयारण्यात तुझी शाळेची सहल गेली होती ना, तसलेच पिळाच्या शिंगांचे. शंभरेक वर्षांपूर्वी शिकारीच्या हौसेपायी कोणी तरी भारतातून आणले, ते इथे चांगले रुजले. अजूनही लोक पैसे भरून त्यांची शिकार करतात. मी गाडी थांबवायला लावली. त्यातला एक मान वर करून आमच्याकडे बघत होता आणि मला उगाच वाटलं की याच्याशी वऱ्हाडीत बोलावं.

सासऱ्यांचं घर म्हणजे निलगिरीची एक दाट राई, तिच्या सावलीत बैठी इमारत, एक कुरकुरणारी पवनचक्की आणि तिच्या पाण्याची गोल उघडी टाकी. निलगिरी ऑस्ट्रेलियाची, गाईघोडे स्पॅनिशांनी आणलेले, सोयाबीन मूळचं चीनकडचं. इथलं म्हणावं असं गवत गुरांच्या दोन-तीन मोठ्या कुरणांतच शिल्लक आहे. कडेला काल्देनची झाडं आहेत, काटेरी, शेंगावाली. जवळ जाऊन पाहिलं तर आपल्या वेड्या बाभळीची सख्खी चुलत बहीण निघाली.

पहिल्याच संध्याकाळी माझी फजिती झाली. हे लोक माते पितात. एकाच तुंब्यात कडू पाल्याचा चुरा, वरून गरम पाणी, आणि धातूची एक नळी. एकजण भरून देतो, आपण संपवून परत द्यायचं, मग पुढच्याला. माझी पाळी झाल्यावर मी सभ्यपणे 'ग्रासियास' म्हटलं. झालं, नंतर तुंबा माझ्याकडे फिरकलाच नाही! इथे आभार मानले म्हणजे 'पुरे झालं' असा अर्थ होतो. जेवणाचं तर विचारूच नकोस. अंगणात अर्धी गाय निखाऱ्यांवर आणि मी माळकरी. म्हातारीने माझ्याकडे आजारी माणसाकडे बघावं तसं बघितलं आणि भाजलेलं चीज, बटाटे, सॅलड पुढे केलं. चीज मात्र झकास होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासरेबुवांनी मला करड्यावर बसवून कुरणात नेलं. वय पंच्याहत्तरच्या पुढे, बोलणं जेमतेम. माझी स्पॅनिश आकड्यांपुरती, त्यांना इंग्रजी शून्य. जावई मध्ये बसून जमेल तसं सांगत होता.

पहिला आरडाओरडा टिटवीने केला. इथली टिटवी वेगळी, डोक्यावर तुरा आणि पंखाला काटा, पण स्वभाव तोच: घरट्याच्या आसपास फिरकलात तर अख्ख्या शिवाराला सांगणार. तिच्या ओरडण्यावरूनच नाव पडलंय, तेरो. कुंपणाच्या दर तिसऱ्या-चौथ्या खांबावर मातीची भट्टी दिसली. ती ओर्नेरोची घरटी. मातीत गवत कालवून पक्षी चुलाण्यासारखं घुमट घर बांधतो, आत आडवी भिंत घालतो, म्हणजे दारातून हात घातला तरी अंड्यांना लागत नाही. १९२८पासून हा देशाचा राष्ट्रीय पक्षी आहे. तो रविवारी बांधकाम करत नाही असं इथले लोक ठामपणे सांगतात. त्या दिवशी रविवार होता आणि तो खरंच रिकामा बसला होता. बांधकामाचा हंगामच नाही, हे जावयाने नंतर हळूच सांगितलं.

बारक्याला सांग, विस्काचा नावाचा सशापेक्षा थोराड उंदीर असतो. जमिनीखाली त्यांच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या वसाहती असतात. बाहेर सापडेल ते उचलून बिळाच्या तोंडाशी आणून रचायचा त्यांना छंद. हाडं, काटक्या, शेण, तार. सासरेबुवांचा ट्रॅक्टरचा पाना एकदा तिथेच सापडला. आम्ही गेलो तेव्हा त्या ढिगावर भर दिवसा एक घुबड उभं होतं, आपल्या पिंगळ्याच्या जातकुळीतलं, पण पाय लांब. बिळात राहणारं. त्याने आमच्याकडे टक लावून पाहिलं, एकदा कमरेतून वाकलं आणि पुन्हा ताठ झालं, वाड्यावरच्या कारकुनासारखं.

आणि न्यांदू. शहामृगाचा धाकटा भाऊ म्हण. गाईंच्या मागून एक राखाडी नर आला आणि त्याच्या मागे पट्ट्यापट्ट्यांची पिल्लं, मी एकोणीस मोजली. यातली आई कुठली असं मी विचारलं. म्हातारेबुवा हसले. चार-सहा माद्या एकाच खड्ड्यात अंडी घालून निघून जातात. पाच-सहा आठवडे उबवायचं बापाने, नंतर सांभाळायचं बापाने. वाट चुकलेलं दुसऱ्याचं पिल्लूही हा कळपात घेतो. हे आईला वाचून दाखवू नकोस, नाही तर मला आयुष्यभर ऐकावं लागेल.

आता ज्यासाठी एवढं मोठं पत्र लिहायला बसलो, ते.

त्या संध्याकाळी आम्ही अंगणात बसलो होतो. इथे आता भर उन्हाळा, पावणेनऊपर्यंत उजेड असतो. उत्तरेकडून आभाळात ठिपके यायला लागले. दहा, पन्नास, मग मोजणं सोडलं. घारीएवढे ससाणे, छातीवर तपकिरी पट्टा, गळ्याशी पांढरं. घिरट्या घालत घालत ते निलगिरीच्या शेंड्यांवर उतरू लागले आणि फांद्या वजनाने हलू लागल्या. कोणी ओरडत नव्हतं. फक्त पंखांचा आवाज, सुपाने धान्य पाखडल्यासारखा. सासरेबुवा म्हणाले, सातशे असतील.

यांना इथे टोळखाऊ ससाणा म्हणतात. विणीला ते अमेरिका-कॅनडाच्या गवताळ भागात असतात, तिथे उंदीर-खारी खातात. नोव्हेंबरात साधारण दहा हजार किलोमीटर उडून इथे येतात आणि इथे आले की जवळजवळ फक्त नाकतोडे आणि चतुर खातात. दिवसभर लसूणघासाच्या वावरात गुरांमागे, ट्रॅक्टरमागे चालत नाकतोडे वेचायचे आणि रात्री या राईत यायचं. थंडीत आपल्या गायरानावर भोवत्या पक्षी उतरतात ना, त्यांचंही हेच.

म्हातारेबुवा बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी जे सांगितलं ते जावयालाही पूर्ण माहीत नव्हतं. १९९५-९६चा उन्हाळा. नाकतोड्यांची धाड आली होती, लसूणघास आणि सूर्यफूल संपायला आलं होतं. सगळ्यांनी फवारलं, यांनीही. नाकतोडे लोळू लागले आणि ससाणे त्यांच्यावर तुटून पडले. दोन दिवसांनी सकाळी राईखाली यांना पाय ठेवायला जागा नव्हती. काहींच्या चोचीत नाकतोडा तसाच होता. त्यांनी हातगाडी भरली, रिकामी केली, पुन्हा भरली. किती खेपा, ते आठवत नाही म्हणाले. मला वाटतं, आठवतं.

बाकीचं जावयाच्या बायकोने सांगितलं, ती शाळेत शिकवते. ब्रायन वुडब्रिज नावाच्या अमेरिकी अभ्यासकाने कॅलिफोर्नियातल्या काही ससाण्यांच्या पाठीवर उपग्रहाला खूण देणारी यंत्रं बांधली होती. हे पक्षी हिवाळ्यात जातात कुठे, एवढंच त्याला पाहायचं होतं. त्या खुणेच्या मागावर तो या भागात आला आणि त्याला शेकडो मेलेले पक्षी सापडले. पुढच्या हंगामात, म्हणजे म्हातारेबुवांच्या त्या उन्हाळ्यात, पाच हजारांवर मोजले गेले. खरा आकडा वीस हजारांपर्यंत असावा असा अंदाज होता. मग औषध परत घेतलं गेलं, शेतकऱ्यांच्या गावोगाव बैठका झाल्या, १९९९ साली बंदी आली आणि मरणं थांबली.

मी औषधाचं नाव विचारलं. बाईंनी ते सावकाश उच्चारलं. मोनोक्रोटोफॉस.

ताई, गोठ्यातल्या वरच्या फळीवर, जुन्या कंदिलाच्या मागे, त्याच औषधाची एक अर्धी बाटली आहे. धूळ खाऊन तिचं लेबल वाचता येत नाही. तुला वाटतं ती आबांनी आणली. घरात सगळ्यांना तसंच वाटतं, आणि मी कधी खोडून काढलं नाही. ती मी आणली होती. २०१७चा पावसाळा, तू सहावीत होतीस. पऱ्हाटी डोक्याच्या वर गेली होती, बोंडअळी हटत नव्हती. दुकानदाराने तीन औषधं दिली, मी तिन्ही एकाच ड्रमात कालवली आणि पंप आपल्या सालगड्याच्या पाठीवर दिला. तोंडाला फडकं बांध, एवढंच म्हणालो. दुपारी तो धुऱ्यावर बसला, डोळ्यांना दिसेना, तोंडातून फेस. मोटरसायकलवर मध्ये बसवून, मागून तुझ्या काकाने धरून, आम्ही त्याला यवतमाळला नेलं. तो वाचला. त्या हंगामात आपल्या जिल्ह्यात वीसहून अधिक जण वाचले नाहीत.

त्या तीन औषधांपैकी कशाने त्याला झालं ते मला सांगता येणार नाही. पण आबा त्या दिवसापासून 'माझ्या वावरात झालं' म्हणून स्वतःला बोल लावत आले आणि मी ऐकत राहिलो. म्हातारेबुवांनी माझ्यासारख्या परक्या माणसापुढे 'मीच फवारलं' म्हणून सांगितलं, तेव्हा मला खाली बघावं लागलं.

तू शेतकी शिकतेस, मोनोक्रोटोफॉस ज्यात मोडतं त्या ऑर्गॅनोफॉस्फरस विषांचं मी तुला काय सांगावं. तर असं कर. हातमोजे घालून ती बाटली उतरव, जाड पिशवीत गुंडाळ आणि बियाण्याच्या पत्र्याच्या पेटीत ठेवून कुलूप लाव. किल्ली तुझ्याजवळ. नाल्यात ओतू नकोस, बांधावर पुरू नकोस, भंगारवाल्याला तर मुळीच देऊ नकोस. अकोल्याला गेलीस की कीटकशास्त्राच्या सरांना विचार, रीतसर नष्ट कशी करायची. आबा यंदा लसूणघासावर ती मारायचं म्हणतात असं आईने फोनवर सांगितलं. 'पैशाचं औषध आहे, वाया कशाला' म्हणतील. त्यांना सांग, बाटली बाबांची आहे आणि बाबांनी मागितली आहे. बाकीचं मी मार्चमध्ये आलो की त्यांच्याशी स्वतः बोलतो.

उद्या पहाटे बंदराकडे निघायचं आहे. आत्ता बाहेर काळोख आहे, पवनचक्की थांबली आहे आणि राईत मधूनच एखादी फांदी करकरते.

तुझा,
बाबा

ता. क. सालगड्याचा मुलगा आता कितवीला आहे, ते विचारून कळव. आईला कळायच्या आत.