टाकाऊतून टिकाऊ: मापे छापा, फसतं कुठे तेही छापा

मा. संपादक,

स. न. वि. वि.

पुरवण्यांमधून ‘टाकाऊतून टिकाऊ’ अशा मथळ्याखाली येणाऱ्या युक्त्या वाचताना एक गोष्ट दर वेळी खटकते. बाटली अर्धी कापा, रंगवा, कडेला लेस चिकटवा, झाली फुलदाणी! फोटो देखणा असतो. पण कापायचं कशाने, रंग कोणता, तो कधी सुटतो आणि का सुटतो, यातलं काही नसतं. पाककृती कुणी मापाशिवाय छापत नाही. इथे मात्र ‘थोडा गोंद’ आणि ‘आवडीचा रंग’ यावर भागवलं जातं. शिवाय स्वच्छ, रिकामी प्लास्टिकची बाटली भंगारात गेली तर तिचा पुनर्वापर होऊ शकतो. रंग, चमकी, लेस आणि गोंद थापलेली बाटली तिथेही नाकारली जाते. म्हणजे कचरा वाचला नाही, त्याला नटवून शोकेसमध्ये ठेवलं एवढंच. तेव्हा जिथे नवीन सामान फार लागत नाही आणि तयार वस्तू खरोखर वापरात येते, अशा युक्त्यांना जागा द्यावी आणि त्या मापांसकट छापाव्यात, एवढीच विनंती. नमुन्यादाखल काही तपशील पाठवत आहे.

प्लास्टिकपासून सुरुवात करायची तर आधी डब्याच्या किंवा बाटलीच्या तळाशी त्रिकोणात छापलेला आकडा पाहावा. १ म्हणजे पेट, पाण्याच्या आणि शीतपेयांच्या बाटल्यांचं पारदर्शक प्लास्टिक. २ आणि ५ हे अनुक्रमे एचडीपीई आणि पॉलिप्रॉपिलीन. शाम्पूच्या बाटल्या, झाकणं, डबे बहुधा यातले. या दोन्हींचा पृष्ठभाग मेणचट असतो, त्यामुळे घरातला कुठलाही गोंद त्यावर धरत नाही. दोन दिवसांनी पापुद्र्यासारखा निघून येतो. तिथे भोक पाडून तार ओवावी, नाहीतर नटबोल्ट किंवा रिव्हेट मारावं. ३ हा आकडा पीव्हीसीचा. त्याला कधीही आच दाखवू नये, कारण तापल्यावर त्यातून हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ निघते. ६ म्हणजे पॉलिस्टायरीन, थर्मोकोल त्यातलाच. त्यावर स्प्रेचा रंग मारला की खड्डे पडतात. दोष रंगाच्या छटेचा नाही, त्यातल्या द्रावकाने थर्मोकोल विरघळतो. त्यासाठी पाण्यात कालवायचा अ‍ॅक्रेलिक रंग घ्यावा.

पेट साधारण ७०-७५ अंश सेल्सिअसला मऊ पडतं. म्हणून अशा बाटलीत कढत पाणी ओतलं की ती वेडीवाकडी होते आणि ग्लूगनच्या गरम गोंदाने तिला भोक पडतं. पण याच गुणाचा उपयोगही होतो. बाटली तयार होताना प्लास्टिक ताणून फुगवलेलं असतं. उष्णता मिळाली की ते पुन्हा आकसतं. बाटलीचा तळ कापून टाकावा आणि मधल्या सरळ भागाची ५-६ मिमी रुंदीची सलग पट्टी गोल गोल कापत जावी. पाना, करवत किंवा विळ्याच्या सैल झालेल्या मुठीवर ती पट्टी घट्ट गुंडाळावी, टोक शेवटच्या तीन-चार वेढ्यांखाली सरकवून ओढून घ्यावं आणि वरून उकळतं पाणी ओतावं किंवा हीटगन फिरवावी. पट्टी आकसून मूठ अशी आवळते की कुठलीही दोरी तितकी आवळणार नाही. केस वाळवायच्या ड्रायरची उष्णता बऱ्याचदा अपुरी पडते. तळ आणि मानेजवळचा जाड भाग घेऊ नये; तिथलं प्लास्टिक फारसं ताणलेलं नसतं, त्यामुळे ते आकसतही नाही. कंगोरे असलेल्या बाटलीची पट्टी नागमोडी निघते, तीही नको.

स्वतः पाणी पिणारी कुंडी ही सगळीकडे छापली जाणारी युक्ती, आणि बहुतेक वेळा अर्धीच छापलेली. एक लिटरची बाटली तळापासून १२ सेंमीवर कापावी. वरचा भाग उलटा करून खालच्या भागात बसवला की तो खांद्यापाशी अडकतो आणि झाकणाखाली पाण्याला दोन-तीन सेंमी जागा उरते. झाकणाला ८ मिमीचं भोक पाडून त्यातून २ सेंमी रुंद, २० सेंमी लांब कापडी वात ओवावी; निम्मी मातीत, निम्मी पाण्यात. सुती चिंधी पाणी छान ओढते, पण काही महिन्यांत कुजते. नायलॉनच्या जुन्या पायमोज्याची वात जास्त टिकते. वात आधी भिजवून घ्यावी आणि पहिलं पाणी वरून, माती पूर्ण ओली होईपर्यंत घालावं. कोरड्या मातीत कोरडी वात खोचली तर पाणी वर चढतच नाही, आणि मग युक्तीला नावं ठेवली जातात. पारदर्शक तळात उजेड शिरला की पाणी शेवाळाने हिरवं होतं, म्हणून खालच्या भागाभोवती जुना कागद गुंडाळावा. रंगाची गरज नाही. दोन भागांमधली फट चिंधीने बंद करावी आणि आठवड्यातून एकदा उरलेलं पाणी ओतून द्यावं, कारण डासाची अंड्यापासून उडेपर्यंतची वाढ आठ-दहा दिवसांत पुरी होऊ शकते. आणखी एक: या कुंडीत पाण्याचा प्रवास फक्त खालून वर होतो. पाणी उडून जातं, त्यातले क्षार मातीच्या वरच्या थरात पांढरे साचतात आणि पानांच्या कडा करपतात. महिन्यातून एकदा वरून भरपूर पाणी घालून ते क्षार धुऊन काढावेत.

जुन्या टी-शर्टच्या पायपुसण्याबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण सगळ्या युक्त्यांत ही मला सर्वांत कामाची वाटते. कपडे आधी धुऊन घ्यावेत. सुती आणि कृत्रिम धाग्याचे एकत्र करू नयेत. सुती आटतं, दुसरं आटत नाही, आणि पहिल्याच धुण्यात पायपुसणं गोळा होतं. टी-शर्ट बगलेखाली आडवा कापावा, खालची दुमड काढून टाकावी. उरलेल्या नळीवर एका कडेपासून दर अडीच सेंमीवर आडवे काप द्यावेत, पण समोरच्या कडेला चार सेंमी भाग न कापता ठेवावा. मग तो भाग उलगडून प्रत्येक कापापासून पलीकडच्या पुढच्या कापापर्यंत तिरकं कापत जावं. अशी सलग पट्टी निघते. घेर १०० सेंमी आणि नळीची लांबी ४० सेंमी असेल तर १६ फेरे, म्हणजे १६ मीटर. पट्टी ताणली की कडा आत वळून तिची दोरी होते. छातीवरच्या जाड छपाईचा भाग मात्र वळत नाही, तडकतो, तेवढा वगळावा. बाजूला शिवण असलेल्या टी-शर्टमध्ये दर फेऱ्याला ती शिवण येते आणि ताणताना तिथेच तुटण्याची भीती असते. बिनशिवणीचा असेल तर उत्तम.

तीन पट्ट्यांची वेणी घालायची. तिन्हींची लांबी वेगवेगळी ठेवावी, म्हणजे जोड एकाच जागी येत नाहीत. लंबगोल पायपुसण्यासाठी मधली सरळ वेणी किती घ्यायची याचं गणित सोपं आहे: हव्या असलेल्या लांबीतून रुंदी वजा करावी. ९० बाय ६० सेंमी हवं असेल तर सुरुवात ३० सेंमीची. वेणी २ सेंमी रुंद धरली तर ती सुमारे २३ मीटर लागते; गुंफताना लांबी आटते म्हणून तिन्ही पेडांची मिळून पट्टी साधारण ९० मीटर, म्हणजे पाच-सहा टी-शर्ट. शिवायला जाड नायलॉनचा दोरा घ्यावा. सरळ भागात आतल्या वेणीच्या एका पेडाला बाहेरचा एक पेड जोडायचा. वळणावर मात्र अधूनमधून आतल्या एका पेडाला बाहेरचे दोन. वळणावर बाहेरची वेणी ओढून शिवली की पायपुसण्याची वाटी होते, फार सैल सोडली की कडेला झालर येते. दोन्ही दोष नंतर इस्त्रीने जात नाहीत, उसवावंच लागतं. म्हणून काम मांडीवर न करता सपाट टेबलावर करावं आणि प्रत्येक फेऱ्यानंतर ते सपाट बसतं का पाहावं. घसरू नये म्हणून खाली सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या शिवायचा मोह होतो. फिकट फरशीवर त्या रबराचे काळपट डाग उमटतात आणि ते सहजासहजी निघत नाहीत.

काचेच्या बाटल्या कापण्याचा उत्साह थोडा आवरलेला बरा. नेलपॉलिश रिमूव्हरमध्ये दोरा भिजवून पेटवायची जी युक्ती फिरते, तिच्यात उष्णता सगळीकडे सारखी पोचत नाही, तडा भरकटतो आणि ओघळलेलं द्रावक पेटतं ते वेगळंच. कापायचीच असेल तर काच कापायच्या चाकाने एकच सलग रेघ मारावी. त्याच रेघेवरून चाक दुसऱ्यांदा फिरवलं की कडेचे टवके उडालेच म्हणून समजा. मग रेघेवर आळीपाळीने गरम आणि थंड पाणी सोडावं. कड १२०, २२० आणि मग ४०० नंबरच्या वॉटर पेपरने (पाण्यात वापरायच्या पॉलिश पेपरने) ओली ठेवूनच घासावी, कारण काचेची कोरडी धूळ श्वासातून आत जाणं घातक आहे. डोळ्यांवर चष्मा हवाच. एवढं करून त्या कडेला ओठ लावू नयेच. पेनं ठेवायला ठीक. खरं तर बहुतेक बरण्या न कापताच उपयोगी पडतात, अडतं ते लेबलाच्या चिकट्यावर. बरणी धुण्याचा सोडा घातलेल्या गरम पाण्यात अर्धा तास ठेवली की कागद सुटतो. उरलेला चिकटा पाण्याला दाद देत नाही, तेलाला देतो: कुठलंही खाद्यतेल आणि खाण्याचा सोडा समप्रमाणात कालवून वीस मिनिटं लावून ठेवावं, मग चोळून साबणाने धुवावं.

पत्र्याच्या डब्याला भोकं पाडताना डबा चेपतो. त्यात वरून दोन सेंमी जागा सोडून पाणी भरावं, गोठवावं आणि मग खिळा ठोकावा. आतला बर्फ पत्र्याला टेकू देतो. पुठ्ठ्याच्या कप्प्यांत आतल्या नळ्या उभ्या येतील असंच कापावं, आडव्या आल्या की वजनाने कप्पा बसतो. मेणबत्त्यांचे तुकडे वितळवायचे तर थेट आचेवर कधीच नाही, पाण्यात ठेवलेल्या भांड्यात. आणि रंगासाठी मेणाचे खडू त्यात टाकू नयेत, त्यातल्या रंगद्रव्याने वात चोंदते. जुन्या लाकडी पॅलेटची, म्हणजे मालाखाली ठेवायच्या चौकटीची, फळी वापरण्याआधी तिच्यावरचा शिक्का बघावा: ‘एचटी’ म्हणजे उष्णतेने प्रक्रिया केलेलं लाकूड, ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेलं. दुसरं घरात आणू नये.

राहिल्या स्वच्छतेच्या घरगुती युक्त्या. वापरलेली अ‍ॅल्युमिनियमची फॉइल भांड्याच्या तळाशी पसरून, वर एक लिटर कढत पाणी आणि एक मोठा चमचा खाण्याचा सोडा घालून त्यात काळवंडलेली चांदी फॉइलला टेकवून ठेवली की काही मिनिटांत उजळते. चांदीवरचं गंधक अ‍ॅल्युमिनियमकडे जातं, चांदी घासली जात नाही. खडे बसवलेले किंवा मुद्दाम काळी नक्षी ठेवलेले दागिने मात्र त्यात घालू नयेत. सोडा आणि व्हिनेगर एकत्र करण्याची युक्ती फेसामुळे प्रभावी दिसते, पण आम्ल आणि अल्कली एकमेकांना मारतात आणि फेस बसल्यावर हाती उरतं ते जवळजवळ खारट पाणी. वेगवेगळे वापरले तर दोन्ही कामाचे. संगमरवरावर व्हिनेगर अजिबात नको, तो दगड आम्लात विरघळतो. आणि व्हिनेगर ब्लीचमध्ये मिसळलं तर क्लोरीन वायू निघतो, बंद न्हाणीघरात तो जिवावर बेतू शकतो. अशी युक्ती पुन्हा छापायची वेळ आली तर हा इशारा शेवटी बारीक टाइपात नको, पहिल्या ओळीत घ्यावा.

कळावे,
आपला,
एक वाचक